रेशीम नेसणाऱ्या लोखंडेबाई

वत्सलाबाई लोखंडे. माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी हेच नाव सांगतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण शिकलेल्या माणसाने चारचौघांत ताठ कसे उभे राहायचे, हे ना माझ्या घरात कोणाला ठाऊक होते, ना ते कॉलेजात शिकवले गेले. ते मी पिंपरीत आल्यावर लोखंडेबाईंकडे पाहून शिकलो.

शाळेतली मुले त्यांना ‘रेशीमबाई’ म्हणत. शिक्षकांच्या खोलीतला विनोद याहून जुना होता: नाव लोखंडे आणि नेसतात रेशीम. नव्या माणसाला हा विनोद पहिल्या दिवशी ऐकवण्याची पद्धत होती. मलाही ऐकवला गेला. बाई समोरच बसून पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दोन्ही तुटत नाहीत. पुढे?”

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्टची. मी करमाळ्याकडचा. बी. एस्सी. होऊन गणित शिकवायला रुजू झालो होतो. शाळा पत्र्याची होती. शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला की शिकवणे थांबायचे. मुले बहुतेक कामगारांची. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी कोकणातून, काही गावातलीच. त्या धुळीत आणि पत्र्याच्या तापात बाई रोज रेशमी साडी नेसून यायच्या. कधी डाळिंबी, कधी मोरपंखी, कधी गर्द जांभळी. कपाळ मोकळे असायचे. लग्नाला तीन वर्षे होतात न होतात तोच त्यांचे यजमान पुणे-मुंबई रस्त्यावर ट्रकखाली गेले होते. मूलबाळ नव्हते. विधवा बाईने असे रंगीत रेशीम नेसून चारचौघांत फिरावे, हे तेव्हा कोणालाच रुचत नव्हते. बायकांना तर अजिबात नाही.

बाई येवल्याच्या विणकराची मुलगी. घरात दोन माग. वडील आणि नंतर भाऊ रेशमी साड्या आणि पीतांबर विणत. एखाद्या साडीत धागा चुकला, नक्षीतला एक मोर शेपटीविना उतरला, की व्यापारी ती घेत नसे. असल्या साड्या भाऊ बाईंना पाठवून द्यायचा. त्यामुळे बाईंच्या प्रत्येक साडीत एक खोट असे आणि ती त्या स्वतःच दाखवीत. “हा बघा, इथे हात चुकलाय. त्या दिवशी भावाचा मुलगा आजारी होता.” लोकांना वाटे, बाईंकडे गडगंज पैसा आहे. बाई सांगत, “आमच्या घरी रेशीम मागावर असतं. सुती कापड विकत आणावं लागतं.”

साडी धुण्याचे त्यांचे शास्त्र होते. रिठ्याचे पाणी, पिळायचे नाही, सावलीत वाळवायचे. वर्गात खडूची भुकटी अंगावर उडाली की पदर एकदा झटकायच्या, संपले. आमच्या कपड्यांवर ती दिवसभर बसून राहायची. मी तेव्हा टेरिलीनचा शर्ट मोठ्या अभिमानाने घालत असे. आमच्या गावात तो फक्त डॉक्टरांकडे होता. एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी बाईंनी मला नखशिखांत पाहिले.

“सर, आत जिवंत आहात ना?”

“का हो बाई?”

“घाम बाहेर येईना म्हणून विचारलं. रेशीम घाम पिऊन टाकतं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. किड्याने स्वतःच्या घरासाठी विणलेलं असतं ना, म्हणून. तुमचा शर्ट कोणी स्वतःला राहायला बनवलेला नाही.”

बाई विज्ञान शिकवीत. सातवीला रेशीमकिड्याचा धडा होता. एकदा त्या धड्यासाठी त्यांनी भावाकरवी बंगळूरकडच्या व्यापाऱ्याकडून कोष मागवले. शेंगदाण्याच्या टरफलासारखे दिसणारे ते पिवळसर कोष त्यांनी स्टोव्हवरच्या गरम पाण्यात सोडले. वर्गभर ओशट वास सुटला. पाण्याने कोषाचा चिकटा सुटला, तसे त्यांनी काडीने एक टोक शोधून काढले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिले. “चाल. घाई करू नकोस.” मुलगी वर्गाबाहेर पडली, व्हरांड्यातून झेंड्याच्या खांबापर्यंत गेली आणि परत आली, तरी पातेल्यातला कोष गरगरतच होता. मुले खांबाला फेऱ्या घालत होती. त्यांच्या हातातले काही दिसत नव्हते. उन्हात मध्येच चमकायचे, तेवढेच. मीही माझा तास सोडून दारात उभा होतो.

“एवढा एकच तंतू,” बाई म्हणाल्या, “असे सात-आठ एकत्र ओढले की एक धागा. अशा हजारो धाग्यांचं कापड. आणि हा तंतू म्हणजे काय? किड्याची लाळ.”

शेवटी कोष उलगडून आतला मेलेला किडा तरंगू लागला आणि एक मुलगी रडू लागली. “बाई, आपण त्याला मारलं.”

बाईंनी तिला गप्प केले नाही. “हो, मारलं,” त्या म्हणाल्या. “तो बाहेर आला असता तर तंतू तुटला असता आणि धागा निघाला नसता. माणूस हे हजारो वर्षं करतोय. चीनमध्ये सुरू झालं. मग असं करा, जे कापड जीव घेऊन बनलंय ते पेटीत कुजत ठेवू नका. नेसा, वापरा, फाटेपर्यंत वापरा.” बाईंच्या नेसण्यामागे एवढे कारण असेल, हे मला त्या दिवशी कळले.

‘कारण सांगा’ हा त्यांचा लाडका शब्द. मुलगा उशिरा आला, कारण सांगा. गणित चुकले, कारण सांगा. माझ्या बोलण्यात तेव्हा ‘ण’ नव्हता. मी ‘पानी’ म्हणे, ‘कोन’ म्हणे. एक ज्येष्ठ शिक्षक भर खोलीत म्हणाले, “सर, आधी पाणी प्या म्हणजे ‘पाणी’ येईल.” सगळे हसले. मला धरणी दुभंगावी असे झाले. बाई म्हणाल्या, “हसण्याचं कारण सांगा. यांच्या वर्गातली मुलं गणितात पास होतात. तुमच्या वर्गातली शुद्ध भाषेत नापास होतात.” त्या दिवसानंतर मी ‘ण’ शिकलो, पण लाजून नव्हे. बी. एड. करायला त्यांनीच लावले.

पिंपरी बाजारात हमीदभाईंचे कापडाचे दुकान होते. शाळेतल्या शिपायाच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा साडी बघायला बाईंना नेले होते. पिशव्या धरायला मीही होतो. हमीदभाईंनी एक झगझगीत शालू पसरला. “प्योर सिल्क, बाई. मिलचा शिक्का बघा.”

बाईंनी काठाचा एक धागा ओढला. “काडी द्या.”

“अहो, दुकान जाळता का माझं?”

धागा पेटवल्यावर तो आक्रसला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली. बाईंनी मग स्वतःच्या पदराचा एक दशीचा धागा तोडून पेटवला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळून गेली. हमीदभाईंनी ती काळी गोळी दातांखाली धरून पाहिली आणि कपाळावर हात मारला. “नायलॉन! मिलवाल्याने मला फसवला की हो! उठाव रे ये सब, वापस भेजो!” मग चहा मागवला आणि म्हणाले, “एक सांगतो बाई. आमच्यात मर्दाला खालिस रेशीम मना आहे. म्हणून आमचे जुने लोक एक कापड विणायचे, वरून रेशीम, आतून सूत. अंगाला लागतं ते सूत, दिसतं ते रेशीम.”

“बघा,” बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे पुरुषाला मना, आमच्याकडे विधवेला. रेशमाला कोणी विचारलं का?”

हमीदभाई इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. ते वाक्य त्यांनी पुढे बाजारभर केले, आणि बाजारातून ते शाळेच्या कमिटीपर्यंत पोचले.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे तात्या. गावातले जुने घर. जमीन कारखान्यांत गेली, आणि आलेल्या पैशांतून कामगारांच्या पोरांसाठी शाळा काढणारा हा एकटाच निघाला. माणूस मोठ्या मनाचा. पण गाव काय म्हणेल याची त्यांना सदा धास्ती. चौऱ्याहत्तर साली हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते. सगळ्यांत ज्येष्ठ लोखंडेबाई. खुर्ची त्यांची, यात कोणाला शंका नव्हती. तात्यांनी मला बोलावून घेतले, कारण मी संत तुकाराम नगरात बाईंच्या शेजारी राहत होतो.

“मास्तर, जरा बाईंस्नी सांगा. हेडमास्तरकी त्यांचीच हाय, आमी कुठं न्हाई म्हनतो? पन लोकं बोलत्यात. पांढरं न्हाई तर न्हाई, सुती तरी नेसा म्हनावं. खुर्चीला शोभंल असं.”

मी निरोप पोचवला. बाई तांदूळ निवडत होत्या. “तात्यांना सांगा, सुती मला परवडत नाही.”

मी परत गेलो. तात्या चकित झाले. “रेशीम परवाडतंय आन सूत न्हाई? मग आमी घेऊन देतो म्हनावं.”

मी पुन्हा बाईंकडे. त्या या खेपेला हसल्या. “मला लुगडं घेऊन द्यायला तात्या माझे कोण? त्यांच्या बायकोला विचारलंय का म्हणावं.”

हा निरोप मी पोचवला नाही.

दसऱ्याच्या आधी शाळेत सरस्वतीची पूजा असे. पूजेला तात्या बसायचे, पिवळा पीतांबर नेसून, उघड्या अंगावर उपरणे घेऊन. त्या वर्षी सगळी कमिटी हजर होती. बाई डाळिंबी साडी नेसून फुलांची परडी घेऊन आल्या. कोणीतरी हळूच म्हणाले, “आजच्या दिवशी तरी हे थेर नकोत.” बाईंनी परडी खाली ठेवली.

“तात्या, हा पीतांबर कुठला?”

तात्या खूश झाले. “ह्यो व्हय? आमच्या वडलांचा. येवल्याचा हाय, अस्सल.”

बाईंनी वाकून काठ निरखला. “हो. ही वेल आमच्या आळीतली. माझ्या वडिलांच्या नाहीतर शेजारच्या मागावरून उतरलाय. आता मला सांगा, मागावर धागा तुटला की विणकर कसा जोडतो? बोट जिभेला लावतो, धागा ओला करतो आणि पीळ देतो. आधी किड्याची लाळ, त्यावर विणकराची थुंकी. असं कापड तुम्ही नेसलात की सोवळं. देवाला चालतं. तेच मी नेसले की थेर. कारण सांगा.”

भटजी पळी हातात धरून तसेच बसले. तात्यांनी नकळत स्वतःच्या पीतांबराकडे पाहिले.

“सोडू नका, तात्या,” बाई म्हणाल्या, “पूजा राहिलीय.”

तात्यांनाच प्रथम हसू फुटले. “बाई, तुमी लय बोलता.”

“बोलायचाच पगार मिळतो मला.” मग त्यांचा आवाज बदलला. “माझी ज्येष्ठता आहे, निकाल आहेत. तरी खुर्ची द्यायची नसेल तर नका देऊ. पण कारण लेखी द्या. ‘बाई रेशीम नेसतात’ एवढं लिहा आणि खाली सही करा. मी ते घेऊन मुकाट्याने वर्गात जाईन.”

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे होतो. चिटणिसांनी कागद पुढे ओढून लिहायला घेतले, ‘पेहराव पदास साजेसा नसल्याने’. एकाने विचारले, “म्हणजे कसा आहे?” “महागडा.” “विकतचा नाही तो, भाऊ पाठवतो.” “मग भडक लिहा.” तात्या खेकसले, “भडक काय? माझा पीतांबर काय राखी रंगाचा हाय व्हय?” चिटणिसांनी तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. तोही चुरगळला. सही करायला मात्र एकही जण पुढे येईना. आणि ‘बाईंना नेमावे’ एवढे म्हणायलाही कोणाची छाती होईना. मी म्हणालो, तेव्हा चिटणिसांनी प्रतिनिधीला मत नसते असे सांगितले. शेवटी एक मधला शब्द सापडला. ‘पुढील आदेशापर्यंत श्रीमती लोखंडे यांनी प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून काम पाहावे.’

तो पुढील आदेश कधीच आला नाही. बाई निवृत्त होईपर्यंत प्रभारीच राहिल्या. मात्र बाईंनी स्वतः तो शब्द मानला नाही. कारकून प्रत्येक कागदावर ‘प्रभारी मुख्याध्यापिका’ असा शिक्का मारी. बाई सही करण्याआधी ‘प्रभारी’वर शाईची आडवी रेघ ओढीत. त्या काळातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर ती रेघ आजही सापडेल. एक पालक घाबरून म्हणाला, “बाई, खाडाखोड चालंल का कंपनीत?”

“खाडाखोड नाही ही,” बाई म्हणाल्या. “दुरुस्ती आहे.”

त्यांच्या कारकिर्दीत पत्र्यांच्या जागी पक्की इमारत आली. मुलींची गळती थांबवण्यासाठी बाई स्वतः चाळीचाळीतून हिंडल्या. मोरपंखी साडी लांबून दिसली की आया पोरींना शाळेच्या कपड्यांत उभे करायच्या. त्या रंगाला नावे ठेवणाऱ्या बायका पुढेपुढे येवल्याच्या खोट असलेल्या साडीची चौकशी करू लागल्या. बाई म्हणत, “खोट दाखवून नेसणार असाल तर मागवते.”

एक्याऐंशी साली त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मैदान भरले होते. तात्या थकले होते, काठी टेकत व्यासपीठावर आले. शाल झाली, नारळ झाला. मग चिटणिसांनी कमिटीतर्फे एक पुडा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तिथेच उघडला. पांढरी सुती साडी होती, बारीक काळ्या काठांची.

चिटणीस समोरच्या हारांकडे बघत राहिले. बाईंनी साडीची घडी मोडली, दोन बोटांत पोत चोळून पाहिला, हात पसरून तिची लांबी मापली आणि माइकजवळ गेल्या. “सूत चांगलं आहे. आभारी आहे. पश्चिमेच्या वर्गांत दुपारी डोळ्यांवर ऊन येतं. यात दोन खिडक्यांचे पडदे निघतील.” आणि त्यांनी ती शिवणाच्या बाईंच्या हातात दिली.

आधी मागे उभे असलेले जुने विद्यार्थी ओरडले. पहिल्या पाळीहून तसेच आलेले, निळ्या गणवेशातले. मग टाळ्या थांबेनात. तात्या काठीवर रेलून हसत होते. “घेतलं का न्हाई शेवटी सुती!”

“शाळेसाठी घेतलं, तात्या,” बाई म्हणाल्या.

तळेगाव दाभाड्याला बहिणीशेजारी खोली घेऊन राहायचे त्यांनी ठरवले होते. त्या गेल्या त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत पोचवायला निघालो, तर त्यांनी शाळेच्या फाटकाशीच अडवले. “तुमचा शेवटचा तास आहे ना? मुलं वाट बघतायत.” मी वर्गाच्या खिडकीतून पाहिले. रस्त्यावर दुसऱ्या पाळीची गर्दी होती, सायकली आणि निळे सदरे. त्यांतून जांभळी साडी सरळ चालली होती. सायकली बाजूला होत होत्या. वळणापाशी त्यांनी पदर एकदा झटकला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांना पाठवलेले पत्र असे होते:

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. तुमची प्रकृती बरी असेल. पडदे शिवून झाले. सहावी आणि सातवीच्या वर्गांना लावले आहेत. ऊन अडते. पोरे त्यांना हात पुसतात, पण तेही एक कामच म्हणायचे.

सध्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक लावायचे काम चालू आहे, आणि देखरेख माझ्याकडे आहे. मला या नोकरीत उभे तुम्ही केलेत, बी. एड. तुम्ही करवलेत, आणि मी तुमच्यासमोर आभाराचे दोन शब्द कधी धड बोलू शकलो नाही. आजही लिहिता येत नाहीत. म्हणून फक्त काय झाले ते कळवतो.

चिटणिसांनी पेंटरला दिलेल्या कागदावर तुमच्या नावापुढे कंसात ‘प्रभारी’ होते. पेंटर तुमचे नाव रंगवून झाल्यावर मला विचारायला आला. मी त्याला सांगितले, ओळीत जागा उरलेली नाही, आहे तसेच राहू दे.

बाई, जागा होती.

आपला आज्ञाधारक,
शेजारचा गणिताचा मास्तर